डोंगरीची डंगरी

डहाणू तालुक्यातल्या कैनाडमध्ये डोंगर म्हणजे काय आणि डोंगरी म्हणजे काय, हे पोरासोरांनाही सांगावं लागत नाही. पण बाजारात लहान मुलांसाठी टांगलेली, छातीवर पट्टी आणि खांद्यावर बंद असलेली 'डंगरी' त्याच शब्दाची लेक आहे, हे मोठ्यांनाही सहसा ठाऊक नसतं.

तिचं माहेर मुंबईची डोंगरी. बंदराजवळच्या एका टेकडीवरून या वस्तीला नाव पडलं. पुढे इथल्याच तुरुंगात टिळक आणि आगरकरांनी 1882 साली 101 दिवस काढले. वस्तीचं नाव मात्र त्याच्या कितीतरी आधी, एका जाड्याभरड्या सुती कापडाला चिकटून समुद्रापार गेलं होतं.

इंग्रज कप्तान जॉन सॅरिस 1613 साली मोलुक्का बेटांवर कापड देऊन लवंगा घेत होता. त्याच्या दरपत्रकात भरूचच्या 'कंदकीन' कापडाला 6 कॅटी (वजनाचं एक माप) लवंगा, तर उत्तम 'डोंगेरिन्स'ला 12, म्हणजे दुप्पट! जाडंभरडं म्हणून नाक मुरडावं, असा हा माल नव्हताच. त्याच शतकात हिंदुस्थानात फिरलेला डॉक्टर जॉन फ्रायर 'डंगरी'साठी कारवारचं नाव घेतो. म्हणजे तोवर नाव गावाचं उरलं नव्हतं, कापडाचं झालं होतं.

या कापडाची शिडं झाली, तंबू झाले, खलाशांच्या विजारी झाल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत त्या विजारींनाच 'डंगरीज' म्हणू लागले.

अशा कामाच्या कपड्यांपुढे वाफेच्या इंजिनांनी एक वेगळी अडचण उभी केली. बॉयलर साफ करणाऱ्याला अरुंद तोंडातून आत सरपटावं लागे. सदरा वर सरके, कमरेपाशी फट पडे आणि काजळी थेट अंगाला लागे. सुटं टोक कुठेतरी अडके ते वेगळंच. तेव्हा सदरा आणि विजार एकत्र शिवून टाकली, कमरेची फटच बुजवली. नाव पडलं बॉयलर सूट. शिलाई साधी, पण ती घालणाऱ्याच्या कातडीचा विचार करून केलेली.

कैनाडहून पश्चिमेला, डहाणूच्या खाडीकाठी, 1995 पासून कोळशावर वीज तयार होते. 250 मेगावॅटचे दोन संच. अशा केंद्रांत हा सूट आजही रोजच्या कामाचा. डंगरी हे नाव आता बालवाडीतल्या पोरांच्या कपड्यालाही गेलं आहे.

कामाच्या वेगळ्या कपड्याची गरज कायद्यानेही ओळखली. चालू यंत्राची तपासणी करणाऱ्या, त्याला तेल घालणाऱ्या कामगाराच्या अंगावर घट्ट बसणारे कपडे हवेत, असं 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने अधिनियमाचं 22 वं कलम सांगत होतं. आणि ते पुरवायचे कारखानदाराने.