दाराला कडी

परळच्या शाळेत संध्याकाळी बाकं भिंतीला सरकवली की तुमची तालमीची जागा तयार. आज तालीम मात्र पुढं सरकत नाही. लालबागहून टेम्पोत घालून आणलेला फ्लॅट उभा केलाय. लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड, त्याला भिंतीचा रंग, मधोमध दार. दार लोटलं की अख्खी भिंत डुलते. नव्वदेक वर्षांपूर्वीचं नाटक करायला घेतलंय, घर घरासारखं दिसायला नको का? एकजण म्हणतो, मागं वाळूची पोती ठेवू. दुसरा म्हणतो, दारच नको, नुसती चौकट ठेवा. बिंबाचं काम करणारी मुलगी कोपऱ्यात वही घेऊन बसली आहे. तिला एका वाक्याबद्दल काही विचारायचंय, पण सगळे दारापाशी. तुम्हीही. तुम्ही मूठ धरून दार ओढता, उंबरा ओलांडता आणि चपलेत पाणी शिरतं.

पाऊस. शनिवार, १ जुलै १९३३.

गिरगावच्या रस्त्यावर ट्रामची घंटा ठणठणते आणि तुम्ही दचकून बाजूला होता. पायात धोतर घोटाळतंय, ते कधी नेसलात कळत नाही, पण काष्टा ओला झालाय एवढं खरं. मॅजेस्टिकच्या बाहेर छत्र्यांची दाटी आहे. दोनच वर्षांपूर्वी इथं ‘आलम आरा’ हा बोलपट लागला, गेल्या साली ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला, आणि नाटक कंपन्यांच्या पोटात गोळा आला. चाळीच्या गॅलरीत कुणीतरी नाट्यपद आळवतोय. ताना अर्ध्या येतात, अर्ध्या पावसात विरघळतात. या माणसाला आजच्या नाटकाला न्यायला हवं, असं तुमच्या मनात येतं. नको. हिरमुसेल बिचारा.

थिएटरचं नाव वाचायला मान वर करता तर छत्रीच्या काडीवरून थेंब नेमका डोळ्यात. राहू दे. आत ओल्या कपड्यांचा नि अत्तराचा एकत्र वास आहे. शेजारचे गृहस्थ बालगंधर्वांच्या नाटकांवर पोसलेले दिसतात. ते तुमच्याकडे झुकून विचारतात, ‘‘पदं किती आहेत हो?’’

मोजकीच आहेत. तुम्ही गप्प राहता.

नाव ‘आंधळ्यांची शाळा’, लेखक श्री. वि. वर्तक, संस्था ‘नाट्यमन्वंतर’. मन्वंतर म्हणजे एका मनूचं अख्खं युग. अनंत काणेकर, के. नारायण काळे, पार्श्वनाथ आळतेकर अशा चार शिकल्यासवरल्या मित्रांनी एकत्र यावं आणि संस्थेला थेट युगाचं नाव द्यावं, याला धाडस म्हणा की गिरगावी आगाऊपणा. मला दोन्ही आवडतात. दिग्दर्शक केशवराव दाते. ऐन उमेदीत लुगडं नेसून स्त्रीभूमिका केलेला हा नट आता बाईचं काम बाईलाच देतोय.

तिसरी घंटा. पडदा वर जातो आणि गृहस्थ पुढं सरकतात.

राजवाडा नाही, उपवन नाही, रस्त्याचा रंगवलेला पडदा नाही. एक दिवाणखाना आहे. तीन बाजूंनी भिंती, खुर्च्या, खिडकी, दार. माणूस विंगेतून ‘प्रवेश’ करत नाही, दार उघडून घरात येतो. अंकभर देखावा बदलत नाही. माणसं प्रेक्षकांकडं पाठ करायलाही लाजत नाहीत. वाद्यं पदापुरती न वाजता मधेच, बोलण्याच्या मागून हळूच वाजतात. ती केशवराव भोळ्यांची करामत.

मग बिंबा येते. ज्योत्स्नाबाई भोळे. वय १९. काही वर्षांपूर्वी ही गोव्यातल्या बांदिवड्याची दुर्गा केळेकर होती. लेखकाच्या पत्नी पद्मावतीबाई वर्तकही रंगमंचावर आहेत. स्टेजवर बायका आजच पहिल्यांदा आल्या असं नाही, पण चांगल्या घरातली बाई पुरुष नटासमोर उभी राहून चारचौघांसारखं बोलते, हे पाहताना गृहस्थांना हात कुठं ठेवावेत कळत नाही.

या नाटकाची मूळ गोष्ट बर्फाच्या मुलखातली. नॉर्वेच्या ब्यर्न्स्टयेर्ने ब्यर्न्सननं १८८३ साली ‘हातमोजा’ लिहिलं. लग्न ठरलेल्या मुलीला कळतं की होणाऱ्या नवऱ्याचं आधी एकीशी सूत होतं. घरचे समजूत घालतात, पुरुषाचं असं असायचंच. वडिलांचाही पाय कधीकाळी घसरलाय आणि आईला सगळं माहीत आहे, हेही बाहेर येतं. मुलगी विचारते, लग्नाआधीचा हिशेब माझ्याकडंच का मागता? आणि हातमोजा त्याच्या तोंडावर फेकते. ब्यर्न्सन लिहून थांबला नाही. शेवट गोड वाटला म्हणून पुढं त्यानं नाटक पुन्हा लिहिलं, आणि याच विषयावर स्कँडिनेव्हियात गावोगाव व्याख्यानं देत हिंडला. त्याची मुलगी पुढं इब्सेनच्या मुलाला दिली. म्हणजे आपल्या नाटकातल्या नोराला दार आपटून घराबाहेर काढणारा आणि हातमोजा फेकायला लावणारा, दोघे एकमेकांचे व्याही! लग्नात मानपानावरून काय झालं असेल, देव जाणे.

मुंबईच्या जुलैत हातमोजा घालणार कोण? वर्तकांनी तो नावातून काढून टाकला आणि आंधळे आणले. कोण आंधळं, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

तुम्ही स्टेज सोडून बायकांच्या बाजूला बघता. तिकडं बांगडी वाजत नाही. एक आजीबाई पदराचं टोक दातात धरून बसल्या आहेत. अंक संपतो, टाळ्या होतात, आजीबाईंचा पदर तसाच.

बाहेर चहाला गर्दी. गृहस्थ खुशीत आहेत. ‘‘दार खरं होतं हो! खिडकीसुद्धा!’’ दुसरा म्हणतो, खुर्च्या झकास. तिसरा विजेच्या दिव्यांचं सांगतो. बिंबानं काय विचारलं, ते कुणी काढत नाही. तुम्ही थांबून पाहता. नाहीच काढत.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. ‘नाट्यमन्वंतर’ला युग लाभत नाही, फार थोडी वर्षं लाभतात. १९४२ साली ज्योत्स्नाबाई रांगणेकरांच्या ‘कुलवधू’त भानुमती होतील. तिच्यामागं इब्सेनची नोरा उभी असेल, पण गाणी मास्तर कृष्णरावांची, भरपूर, आणि या गृहस्थांचा जीव भांड्यात पडेल. काणेकर नोराचं नाटक ‘घरकुल’ म्हणून मराठीत आणतील. आणि पुस्तकांत १ जुलैची नोंद होईल ती बहुतेक अशी: तीन भिंती, एक अंक एक प्रवेश, स्त्रियांनी केलेल्या स्त्रीभूमिका, पार्श्वसंगीत. सगळं खरं. सामानाची यादी असते तसं खरं.

घंटा होते. आत जाताना गृहस्थ विचारतात, ‘‘आता तरी एखादं पद?’’ तुम्ही त्यांच्यासाठी दार धरून ठेवता, ते आत जातात, तुम्ही मागोमाग वाकता…

…आणि डोकं फ्लॅटच्या चौकटीला आपटतं. शाळेतला पंखा. वाळूच्या पोत्यांचा वाद अजून चाललेलाच. कुणीतरी कडी बसवायला स्क्रू शोधतोय.

तुम्ही कपाळ चोळत कोपऱ्याकडं जाता आणि तिच्यासमोरचं बाक ओढून बसता.

‘‘तुझं काय होतं मघाशी?’’

ती वहीचं पान उलटते. ‘‘हे वाक्य,’’ ती म्हणते, ‘‘मी याला बोलू, की बाबांना?’’