किल्ल्यातले पत्र, महारवाड्यातले जाते

अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या भुईकोट किल्ल्यात मौलाना आझाद 1942 च्या ऑगस्टपासून कैदेत होते. 1943 च्या एप्रिलमध्ये त्यांची पत्नी कलकत्त्यात वारली. अंत्यदर्शनही घडले नाही. त्याच वर्षी त्यांनी संगीतावर एक दीर्घ पत्र लिहिले. तरुणपणी शिकलेली सतार, चांदण्या रात्री ताजमहालापाशी तिचे वादन, हे सारे त्यात आहे. 1946 मध्ये ते ‘गुबारे खातिर’ या संग्रहात छापले गेले. खचणारे मन सुरांच्या आठवणीने सावरता येते, याचा हा नगरमधला लेखी पुरावा मी मानतो.

पण तटाबाहेर काय होते? मांगवाड्यातला माणूस हलगी-सनई वाजवी, ती दुसऱ्यांच्या वरातीत, गावकीचे काम म्हणून. वाजंत्री मांडवाबाहेर, जेवण सर्वांच्या शेवटी. अशा संगीताने वाजवणाऱ्याचे मन कसे हलके व्हावे?

स्वतःसाठीचे गाणे होते ते बाईचे, पहाटेच्या जात्यावरचे. सासुरवास, नवऱ्याचा मार, गेलेले मूल, जे कोणाजवळ बोलता येत नसे ते ती जात्याला सांगे. त्यावर ना तारीख, ना सही. आमच्या पंडितांना त्यात अलंकार तेवढे दिसले! हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रभरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्याही पुष्कळ आहेत. गाऱ्हाणे सांगणारी बाई त्याच जात्यावर अभिमानही गाऊ लागली होती.

पुढे पिठाची गिरणी आली. श्रम वाचले, ते बरेच झाले. ज्यांच्या आज्या अजून हयात आहेत, त्या विद्यार्थ्यांनी त्यांना एवढेच विचारावे : दळण थांबल्यावर तुम्ही कोणाशी बोललात?