आधी लाकूड, मग उड्डाण

लखनऊचा अमीनाबाद हा वजीर अमीनुद्दौला यांच्या नावाचा बाजार. इथे चिकन घेताना गिऱ्हाईक टाका बघतं. पण टाक्याआधी लाकडी ठशानं नक्षी छापलेली असते आणि धुतल्यावर ती जाते. ठसा कोरणारा कुणाला आठवत नाही.

विमानाच्या इतिहासातही तसंच झालं. १९०३ च्या उड्डाणासाठी राइट बंधूंचं इंजिन लक्षात राहतं. त्यांचे साडेआठ फुटी प्रोपेलर मात्र स्प्रूसच्या फळ्या चिकटवून, लहान कुऱ्हाड आणि दोन मुठींच्या सुरीनं हातानं तासलेले होते. हे वेड लागलं १८७८ मध्ये वडिलांनी आणलेल्या, रबराच्या पिळावर उडणाऱ्या खेळण्यामुळे.

फौजेतून निवृत्त झाल्यावर मी मुलांना बाल्साची विमानं करायला शिकवतो. पॉलिश पेपर सपाट ठोकळ्याला गुंडाळायचा. नुसत्या बोटांनी घासलं तर खळगे पडतात. पंखाची पुढची कड गोल, मागची निमुळती. प्रोपेलर सुईवर तोलायचा, जे पातं खाली झुकेल तेच थोडं घासायचं.

आता फोमचं तयार विमान मिळतं आणि लगेच उडतंही. पण ते का उडतं, हे त्या मुलाला विचारून बघा.