यंत्राची साक्ष

आम्ही कायदा शिकलो तो कोर्टाच्या व्हरांड्यात, कामगारांचे कागद सांभाळता सांभाळता. पूर्वी हजेरीचे बुक असे. त्यातली खाडाखोड डोळ्यांना दिसे. आता हजेरी यंत्रात असते आणि यंत्र मालकाच्या ताब्यात. म्हणून यंत्राची साक्ष न्यायालयाने कशी घ्यावी, हा प्रश्न आमच्या पोटापाण्याचा आहे.

टेपरेकॉर्डरच्या काळातही तो होताच. मुंबई महापालिकेच्या कारकुनाला लाच देऊ केल्याच्या खटल्यात १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिफीत ग्राह्य मानली. मात्र फितीत फेरफार होऊ शकतो, म्हणून ती जपून तपासावी, असे बजावले.

पुढे संगणक आला. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात २००० साली ६५-ब हे कलम घातले गेले. यंत्रातील नोंदीची नक्कल दाखल करायची, तर यंत्राची व्यवस्था पाहणाऱ्या जबाबदार माणसाच्या सहीचे प्रमाणपत्र हवे. संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात, २००५ साली, न्यायालयाने प्रमाणपत्रावाचून टेलिफोनच्या नोंदी स्वीकारल्या. २०१४ साली केरळातील एका निवडणूक-खटल्यात ते सक्तीचे ठरले. २०१८ साली, ज्याच्या ताब्यात यंत्रच नाही त्याला सवलत मिळाली.

हा घोळ मिटला तो जालन्याच्या खटल्यात. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा अर्ज मुदत टळल्यावर दाखल झाला, अशी पराभूत कैलास गोरंट्याल यांची तक्रार. साक्ष होती निवडणूक कार्यालयातल्याच चित्रीकरणाची. पण मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्याची जबानी पुरेशी मानून २०१७ साली निवडणूक रद्द केली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला, पण नियम स्पष्ट केला: मूळ यंत्रच धन्याने साक्षीत हजर केले तर गोष्ट वेगळी, एरवी प्रमाणपत्र हवेच. मात्र देणारा अडून बसला, तर न्यायाधीशाकडे अर्ज करावा. सर्व खटपट करूनही ते न मिळाल्यास, कायदा अशक्याची सक्ती करीत नाही. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम आला. त्यात तज्ज्ञाचीही सही लागते.

कामगार न्यायालय या कायद्याच्या काटेकोर बंधनात नसते, हे खरे. तरी एका बडतर्फ सोबत्याच्या प्रकरणात आम्ही हजेरीची नोंद तोंडी मागितली, आणि पुढे "मागितलीच नव्हती" असे उत्तर ऐकले. चूक आमचीही होती. जालन्याच्या अर्जदाराने मागणी केल्याचे दाखवता आले, म्हणून तो तरला. यंत्र दुसऱ्याच्या हाती असेल, तर आपल्या हाती निदान अर्जाची पोच असावी.