भिवंडी येथील मोटार-सायकलीच्या दुरुस्तीची एक वही

आमच्या संग्रहीं मोडी हिशेबांच्या दोन रुमालांसमवेत एक वही आहे. लांबी ८ इंच, रुंदी ६॥ इंच. पृष्ठें ९६, पैकीं लिहिलेलीं ६७. कागद गिरणीचा, रेघांचा. पुठ्ठ्यावर काळें कापड. प्रत्येक पानाची खालची कड दोन बोटें तपकिरी झाली असून तेथील शाई पसरली आहे; हा डाग ता. २६ जुलै २००५ च्या महापुराचा होय. वहीचा विषय घरीं ठेवलेल्या मोटार-सायकलीची निगा व दुरुस्ती हा आहे. ज्या तालुक्यांतील भादाणें ग्रामाचें दान शिलाहार अपराजितानें शके ९१९ मध्यें ताम्रपटावर कोरविलें, तेथील शंभर वर्षेंही न झालेली वही अभ्यासकांपुढें ठेवावी, हें कित्येकांस पोरकट वाटेल. परंतु ताम्रपट कोणी रद्दींत घालीत नाहीं. असल्या वह्या दर दिवाळीच्या साफसफाईंत जात आहेत. कारखान्याच्या छापील पुस्तिकेवरून यंत्र कसें असावें एवढें कळतें. घरच्या मनुष्यानें तें आपल्या हातानें कसें समजून घेतलें, हें कळण्यास असल्या वहीखेरीज दुसरें साधन आमच्या पाहण्यांत नाहीं.

वही लिहिणारे आमचे चुलते. ते येथील एका मागाच्या कारखान्यांत प्रथम हिशेबनीस होते व पुढें यंत्रमागांची दुरुस्तीही पाहूं लागले. पहिलीं २२ पृष्ठें मोडींत व पुढील देवनागरींत असल्यामुळें आम्ही बरींच वर्षें दोन लेखक धरीत होतों. तें चूक होतें. पाव-अर्धा दाखविणाऱ्या उभ्या रेघा खालीं डावीकडे वळविण्याची लकब व पांचाच्या अंकाचें वळण दोन्ही भागांत एकच आहे. लिपि बदलली, हात बदलला नाहीं. शेवटचीं ९ पृष्ठें मात्र आमच्या हातचीं आहेत.

सन फार थोड्या ठिकाणीं घातला असल्यामुळें कालनिर्णय अंतर्गत पुराव्यावरच करावा लागतो. मोडी भागांत पेट्रोल गॅलनांत, अंतर मैलांत व खर्च रुपये-आणे-पईंत आहे. दशमान नाणीं ता. १ एप्रिल १९५७ पासून सुरू झालीं. पण केवळ आण्यांवरून मोडी भाग त्यापूर्वींचा ठरविणें धोक्याचें आहे, कारण पंचवीस पैशांस ‘चार आणे’ म्हणण्याची रीत पुढें कित्येक वर्षें टिकली. निर्णायक आहे ती पई. जमाखर्चांत ‘तीन पई’ लिहिणारा मनुष्य नव्या नाण्यांचा हिशेब लिहीत नाहीं. पृष्ठ २३ पासून ‘नये पैसे’ येतात. ‘नये’ हें विशेषण सरकारनें ता. १ जून १९६४ पासून काढून टाकलें, आणि पृष्ठ ४१ वर प्रथम नुसते ‘पैसे’ आढळतात. लिहिण्याची संवय हुकुमाच्या मागें रेंगाळते हें धरूनही मधलीं १८ पृष्ठें १९५७ च्या पुढचीं व साधारणतः १९६५ च्या आंतलीं ठरतात.

दुसरा पुरावा तेलाचा. द्विघात एंजिनास पेट्रोलांतच तेल मिसळून द्यावें लागतें. मोडी भागांत दर गॅलनास ‘॥ पाइंट’ तेल सांगितलें आहे. गॅलनाचे पाइंट आठ, म्हणजे प्रमाण सोळांस एक. हें जुन्या ब्रिटिश धर्तीच्या एंजिनांचें. पृष्ठ २९ पासून लिटरास ४० मिलिलिटर, म्हणजे पंचविसांस एक. यंत्र बदललें हें उघड आहे. नव्याचें नांव वहींत कोठेंही नाहीं. पण ‘गिअरचीच दांडी आंत दाबून उभी करावी व किक मारावी’ या एका वाक्यावरून तें जावा ठरतें. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यांत या गाड्या १९६१ पासून होऊं लागल्या. परदेशाहून आलेल्या जावा त्यापूर्वींही मुंबईंत होत्या, असा आक्षेप निघेल. परंतु पेट्रोल लिटरांत मोजलें आहे, व मेट्रिक मापें १९५८ नंतर टप्प्याटप्प्यानेंच व्यवहारांत आलीं. नाणीं, मापें व यंत्र हीं तिन्हीं एकाच काळाकडे बोट दाखवितात.

पृष्ठ ३३ वरील ‘गाडी पेटत नाहीं’ हें टिपण सगळ्या वहींत उत्तम. प्रथम टाकी व कॉक पाहावा. मग प्लग काढावा. कोरडा निघाल्यास पेट्रोल पोंचत नाहीं. कार्ब्युरेटरचा जेट तुंबला असेल. ओला निघाल्यास पेट्रोल येतें, पण पेटत नाहीं. मग प्लग वायरीस लावून एंजिनाच्या धातूवर टेकवावा व किक मारावी. ठिणगी निळी हवी, तांबडी ती अशक्त. पॉइंट वारंवार जळून काळे पडत असतील तर कंडेन्सर गेला. पॉइंटांतील अंतर ०.४ मिलिमीटर हवें. मोजण्याची पट्टी घरीं नव्हती, म्हणून दाढीचीं चार पातीं एकत्र धरून सरकवून पाहावीं असें लिहिलें आहे. आम्हीं पातें मोजून पाहिलें. तें एक-दशांश मिलिमीटर भरलें. साखळी केरोसिनांत धुणें, सायलेन्सरमधील काजळी कॉस्टिक सोड्यानें काढणें इत्यादि नित्याचीं कामें अन्यत्र आहेत. त्यांत विशेष नाहीं.

या टिपणांत एक वाक्य तीनदां येतें : ‘दुसरा प्लग लावून पाहिला.’ वैद्यकाच्या पोथ्या जमविणारे हें ओळखतील. माधवनिदानाच्या आरंभीं निदान, पूर्वरूप, रूप, उपशय व संप्राप्ति अशीं रोग जाणण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत. त्यांतील उपशय म्हणजे लक्षणांवरून व्याधि उमगत नसेल तेव्हां औषधोपचार करून, त्यानें उतार पडतो कीं नाहीं यावरून ती ओळखणें. चुलत्यांस संस्कृत येत नव्हतें, व माधवकराचें नांवही त्यांच्या तोंडून आम्हीं कधीं ऐकलें नाहीं. असें साम्य दिसलें कीं उसनवारीचा तर्क लढविण्याची आम्हां संशोधकांस जी खोड आहे, ती येथें आवरली पाहिजे. दोष डोळ्यांस दिसत नसतां त्याच्यापुढें बसलेला मनुष्य असाच विचार करणार.

ता. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे निर्बंध लागू झाल्यावर नव्या मोटार-सायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहींसा झाला; पॉइंट तर त्याच्या बरेच आधीं गेले होते. आतां दोष शोधावयाचा तर बहुधा यंत्रासच दुसरें यंत्र जोडून त्यास विचारावें लागतें. तेव्हां हा लेखनप्रकार नव्यानें वाढण्याची आशा नाहीं. जें आहे तेवढेंच राहणार. संग्राहकांस विनंति एवढीच कीं, अशी वही हातीं आल्यास तिच्यावरील तेलाचे डाग पुसूं नयेत. कोणतें पान तेलकट हातानें वारंवार उघडलें गेलें, हें त्या डागांवरूनच कळतें. आमच्या वहींत पृष्ठ ३३ सर्वांत काळें आहे.

शेवटचें टिपण आमचें, ता. २७ जुलै २००५ चें. आदल्या दिवशीं पाणी गाडीच्या टाकीपर्यंत चढलें होतें, व वहीही त्यांतच सांपडली. ती दोरीवर वाळत घातली असतां पृष्ठ ३८ वरील चुलत्यांची ओळ वाचली : ‘पाण्यांतून काढलेल्या गाडीस प्रथम किक मारूं नये.’ किकेसाठीं उचललेला पाय आम्हीं खालीं घेतला. प्लग काढून पाणी निथळूं दिलें, टाकी व कार्ब्युरेटर रिकामे केले, दुधाळ झालेलें गिअरचें तेल दोनदां बदललें, पॉइंट पुसून वाळविले. चौथ्या दिवशीं गाडी चालू झाली. चुलते तेव्हां हयात नव्हते. त्यापुढील २९ पृष्ठें कोरीं आहेत.