तुपाची वाटी, कुत्रा आणि स्वादुपिंड

गेल्या महिन्यात एक काका बीपी तपासायला आले. एरवी १३०-८० च्या आसपास असणारं बीपी त्या दिवशी १६० च्या वर होतं. गोळ्या चालू होत्या, मीठही कमी होतं. झोप कशी आहे, असं विचारल्यावर म्हणाले, "झोप कुठली डॉक्टर! घरचा कुत्रा आजारी आहे. रात्रीतून दोन-तीनदा उठावं लागतं."

आठ वर्षांचा कुत्रा. दीड वर्षापासून अधूनमधून उलट्या, जेवण सोडणं, पोट आखडून बसणं. जनावरांच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी आणि रक्त तपासून क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाचा जुनाट दाह, असं निदान केलं होतं. काकांनी मला विचारलं, "हा तर दारू पिणाऱ्यांचा आजार ना? आमचं कुत्रं कुठं दारू पितंय?"

मी माणसांचा डॉक्टर आहे. कुत्र्यावर उपचार करणं हे पशुवैद्यकांचं काम आणि ते त्यांनीच करावं. पण काकांच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना माझ्याच अभ्यासाची जुनी पानं उलटावी लागली. कारण स्वादुपिंडाबद्दल आम्हा डॉक्टरांना जे ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं कुत्र्यांनीच शिकवलं आहे.

हे स्वादुपिंड करतं काय?

जठराच्या मागे आडवं पडलेलं हे लांबट अवयव. माणसात साधारण १५ सेंटीमीटर लांबीचं. त्याची कामं दोन. एक, अन्न पचवणारा रस तयार करून आतड्यात सोडणं. दोन, इन्सुलिन तयार करून रक्तात सोडणं. कुत्र्यातही हीच दोन कामं चालतात.

या रसातली एन्झाइम्स म्हणजे पाचक द्रव्यं फार ताकदवान असतात. ती ग्रंथीत असताना जणू झोपलेली असतात आणि आतड्यात पोहोचल्यावर जागी होतात. काही कारणानं ती ग्रंथीतच जागी झाली, तर स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागतं. हा झाला दाह. तो पुन्हा पुन्हा किंवा आतल्या आत सतत होत राहिला, की चांगल्या पेशी जाऊन तिथं व्रणासारखं घट्ट ऊतक तयार होतं. तोच जुनाट आजार. गेलेला भाग परत येत नाही.

माणसात दारू आणि तंबाखू ही मोठी कारणं आहेत, पण एकमेव नाहीत. कुत्र्यात बरेचदा नेमकं कारण सापडतच नाही. लठ्ठपणा, रक्तातली वाढलेली चरबी, एकदम खाल्लेलं तेलकट-तुपकट अन्न यांमुळे धोका वाढतो. मिनिएचर श्नाउझर, कॉकर स्पॅनियल अशा काही जातींत आजार जास्त दिसतो. पण आपल्या गावठी कुत्र्यालाही तो होऊ शकतो.

बदकाच्या पिसापासून सुरुवात

1642 मध्ये इटलीतल्या पादुआ इथं विर्सुंग यांनी माणसाच्या मृतदेहात स्वादुपिंडाची मुख्य नळी शोधली. पण ती नळी वाहून काय नेते, हे कोणाला ठाऊक नव्हतं. 1664 मध्ये हॉलंडमधल्या लायडनला रेनिए द ग्राफ या विशीतल्या विद्यार्थ्यानं जिवंत कुत्र्याच्या त्या नळीत पक्ष्याच्या पिसाची पोकळ दांडी बसवली आणि रस बाहेर गोळा केला. स्वादुपिंडाचा रस हाताळण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न.

पुढे जवळजवळ दोनशे वर्षांनी पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांनी दाखवलं, की अन्नातली चरबी फोडण्याचं मोठं काम हा रस करतो. 1856 च्या त्यांच्या ग्रंथात आणखी एक नोंद आहे. त्यांनी कुत्र्याच्या स्वादुपिंडाच्या नळीत पित्त आणि ऑलिव्ह तेल सोडलं आणि ग्रंथीला तीव्र दाह झाला. म्हणजे काकांच्या कुत्र्याला जे झालं, त्याच्याच जातीचा आजार प्रयोगशाळेत पहिल्यांदा घडवला गेला तोही कुत्र्यातच. स्वादुपिंड स्वतःला पचवतं, ही कल्पना 1896 मध्ये प्रागच्या हान्स कियारी यांनी मांडली.

तपकिरी कुत्र्याचा पुतळा

हा इतिहास वाचताना एका ठिकाणी थांबावं लागतं. 1902 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्यावरच्या प्रयोगातून 'सिक्रेटिन' शोधलं. आतड्यातून निघून रक्तावाटे स्वादुपिंडाला 'रस सोड' असा निरोप देणारं हे द्रव्य. 'हॉर्मोन' हा आज घरोघरी ठाऊक असलेला शब्द स्टार्लिंग यांनी 1905 मध्ये वापरात आणला, त्याच्या मागे हा शोध आहे.

त्याच कॉलेजात डिसेंबर 1902 मध्ये स्टार्लिंग यांनी एका तपकिरी कुत्र्याच्या स्वादुपिंडाची नळी बांधली. फेब्रुवारी 1903 मध्ये त्याच कुत्र्यावर वर्गासमोर दुसरा प्रयोग झाला. तिथं हजर असलेल्या दोन स्वीडिश विद्यार्थिनींनी लिहिलं, की कुत्र्याला पुरेशी भूल दिलेली नव्हती. प्रकरण कोर्टात गेलं. भूल व्यवस्थित होती, असं म्हणणारे बेलिस खटला जिंकले. पण लोकांच्या मनातलं मिटलं नाही. 1906 मध्ये लंडनच्या बॅटरसी भागात त्या कुत्र्याचा पुतळा उभा राहिला, त्यावरून वैद्यकीय विद्यार्थ्यांनी दंगे केले आणि 1910 मध्ये पुतळा हलवला गेला. 1985 मध्ये तिथं नवा पुतळा बसला.

कोण बरोबर होतं, याचा निवाडा मी इथं करत नाही. आपल्या देशातही 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं अशा प्रयोगांवर बंधनं आणली आहेत. तुम्ही फक्त एवढं ध्यानात ठेवा, की आपल्या ज्ञानाची किंमत कोणीतरी मोजली आहे.

इन्सुलिनची गोष्ट

1889 मध्ये स्ट्रासबुर्ग इथं मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं पूर्ण स्वादुपिंड काढलं. त्यांना चरबीच्या पचनाबद्दल जाणून घ्यायचं होतं. पण तो शिकवलेला कुत्रा जागच्या जागी सारखी लघवी करू लागला. तपासली तर लघवीत साखर! मधुमेहाचं मूळ स्वादुपिंडात आहे, हे असं कळलं.

1920 मध्ये कॅनडातल्या फ्रेडरिक बँटिंग यांनी एक लेख वाचला. एका रुग्णाच्या स्वादुपिंडाच्या नळीत खडा अडकून रस तयार करणाऱ्या पेशी वाळून गेल्या होत्या, पण इन्सुलिनची बेटं शाबूत होती. त्यावरून बँटिंग यांना प्रयोगाची कल्पना सुचली. 1921 च्या उन्हाळ्यात टोरांटोला त्यांनी आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांवर काम केलं. बरेच कुत्रे दगावले. स्वादुपिंड काढलेली मार्जरी नावाची कुत्री मात्र त्यांच्या अर्कावर सुमारे 70 दिवस जगली. जानेवारी 1922 मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला इन्सुलिन मिळालं. आज वेळापूर परिसरातले माझे कितीतरी पेशंट रोज सकाळी सुई टोचून घेतात, त्यांचंही त्या कुत्र्यांशी नातं आहे.

गोष्ट इथं संपत नाही. स्वादुपिंड नसलेले कुत्रे नुसत्या इन्सुलिनवर फार काळ टिकेनात. 1924 च्या सुमारास टोरांटोच्याच संशोधकांनी त्यांच्या अन्नात कच्चं स्वादुपिंड मिसळलं, तेव्हा ते जास्त जगले. आज जुनाट दाहामुळे कुत्र्याचा पाचक रस आटला, तर पशुवैद्यक अन्नात एन्झाइमची पावडर मिसळायला सांगतात. कुत्र्यांनी दिलेलं ज्ञान असं परत कुत्र्यांच्या ताटात आलं.

आपल्याकडे

मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयाच्या जोडीनं 1886 मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्या काळी भर घोडे आणि बैलांवर असे. घरातल्या कुत्र्याच्या स्वादुपिंडाचं निदान ही फार अलीकडची गोष्ट. माणसात वापरली जाणारी अमायलेजची तपासणी कुत्र्यात भरवशाची ठरत नाही. कुत्र्याच्या स्वादुपिंडातलं लायपेज मोजणारी खास तपासणी 2000 नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात विकसित झाली. आपल्या भागातल्या लोकांना गुंतागुंतीच्या आजारासाठी सातारा जिल्ह्यातल्या शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय हा एक पर्याय आहे.

उपचारही बदलले. पूर्वी 'स्वादुपिंडाला विश्रांती' म्हणून माणसाला काय आणि कुत्र्याला काय, दिवसेंदिवस उपाशी ठेवत. आता उलटी आटोक्यात आली, की लवकर थोडं थोडं खायला देतात.

नामदेवांची वाटी

काकांची खरी अडचण वेगळीच होती. काकूंना रडू येत होतं. "आठ वर्षं तुपाची पोळी दिली, आता त्याच्यासमोर कोरडा भात कसा ठेवू?"

आपलं वेळापूर माउलींच्या पालखीच्या वाटेवरचं गाव. संत नामदेवांची गोष्ट इथं लहान पोरालाही ठाऊक असते. कुत्र्यानं भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. प्राण्यावर माया करणं म्हणजे तूप वाढणं, हे आपल्या मनात इतकं खोल रुजलेलं आहे.

मी काकूंना निरोप पाठवला, की नामदेवांनी तूप पाहिलं नाही, समोरच्या जिवाची गरज पाहिली. तुमच्या कुत्र्याची गरज आज उलटी आहे. वाटी बाजूला ठेवणं हीच त्याच्यावरची माया.

घरी काय सांभाळाल?

- तूप, तेल, साय, मटणाची चरबी, तर्री, तळण बंद. 'एकदाच' म्हणूनही नको. जत्रा आणि दिवाळीत पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा.
- कमी चरबीचं अन्न दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं. मऊ भात, कातडी काढून उकडलेलं चिकन, लाल भोपळा चालतो. कांदा-लसूण नको. कायमचा आहार पशुवैद्यकांकडून ठरवून घ्या, नुसत्या भात-चिकनवर सगळे घटक मिळत नाहीत.
- पोट दुखत असताना कुत्रा पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवतो आणि मागचा भाग वर ठेवतो. हे लाडात येणं समजू नका. मुक्या जिवाला वेदना असते आणि तिच्यावर औषध आहे.
- घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक देऊ नका. कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.
- सारख्या उलट्या, पाणीही न टिकणं, खूप मलूल होणं, पोट ताठर होणं: त्याच दिवशी डॉक्टर गाठा.
- भरपूर खाऊनही वजन घटणं, पांढरट-तेलकट भरपूर शी, किंवा खूप तहान आणि लघवी: रस किंवा इन्सुलिन कमी पडत असेल, तपासून घ्या.

आणि तुम्ही?

हा आजार वर्षानुवर्षं चालतो. बरा होत नाही, पण आटोक्यात राहतो. सांभाळणाऱ्याची झोप, बीपी, शुगर त्यात बिघडते आणि 'कुत्र्यासाठी काय एवढं' असं लोक म्हणतील म्हणून तो बोलतही नाही. बोला. रात्रीची पाळी घरात वाटून घ्या. कॅलेंडरवर चांगल्या दिवसाला टिक आणि वाईट दिवसाला फुली करा. महिन्याअखेर दिसेल, की चांगले दिवस वाटतात त्यापेक्षा बरेचदा जास्त असतात. फुल्या वाढत गेल्या आणि त्याचा त्रास आवरेनासा झाला, तर पुढं काय करायचं हेही पशुवैद्यकांशी मोकळेपणानं बोला. त्यात अपराध नाही.

काका परवा पुन्हा आले. बीपी १३८-८४. खिशातून कॅलेंडरचं पान काढून दाखवलं. महिन्यात सहा फुल्या. "तूप बंद केलं," म्हणाले, "आता हिनं त्याच्यासाठी भोपळा लावलाय परसात."