पेशवाईच्या कोठीतल्या कुणबिणी

भोपाळच्या इंद्रपुरीतल्या मराठी घरांत १७३७ ची लढाई ठाऊक असते. पेशवे बाजीरावांनी निजामाला याच शहरात कोंडले होते. मात्र त्या सत्तेच्या कोठ्या, पागा आणि किल्ले कोणाच्या श्रमावर चालत, हे क्वचितच सांगितले जाते. पेशवे दफ्तरात त्याचे उत्तर आहे: कुणबिणी आणि बटकी, म्हणजे गुलाम स्त्रिया. दळण, शेणगोठा, कोठारातली कामे त्यांच्याकडे असत. त्यांची खरेदी-विक्री होई, त्या बक्षीसही दिल्या जात. व्यभिचाराचा ठपका आलेल्या स्त्रीला सरकार स्वतःच कुणबीण करी. म्हणजे गुलामी ही केवळ काही श्रीमंतांची खोड नव्हती. न्यायव्यवस्थाच राज्याला फुकटचे मजूर पुरवत होती.

यावर आक्षेप येतो की आपल्याकडे अमेरिकेसारखे मळे नव्हते, कुणबीण घरातलीच मानली जाई. मळे नव्हते हे खरे. पण जिला मालक विकू शकतो, तिला घरातली म्हणणे हा मालकाच्या बाजूने केलेला हिशेब आहे. मलिक अंबरचा दाखलाही देतात. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला तो माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता वजीर झाला, हे विलक्षणच. पण तलवार हाती आलेल्या पुरुषाची वाट जात्यापाशी बसवलेल्या बाईला कधीच खुली नव्हती. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये डचांना दिलेल्या कौलात माणसांच्या विक्रीला मनाई केली होती. त्यामुळे ‘तो काळच तसा होता’ ही सबबही टिकत नाही. कंपनी सरकारच्या १८४३ च्या कायद्याने गुलामीची कायदेशीर मान्यता काढली. वेठबिगारी मोडणारा देशव्यापी कायदा यायला मात्र १९७६ उजाडले.